हलकी स्पोर्ट्स कार पावसात खरेच जास्त घसरते का?

माहीमची_खाडी
नमस्कार मंडळी. वापरलेली, दोन आसनांची स्पोर्ट्स कार घेण्याचा विचार बरेच दिवस मनात आहे. सध्या डोळ्यांसमोर पोर्शे बॉक्स्टरची 981 ही पिढी आहे. वजन 1300 किलोच्या थोडे वर, इंजिन मधोमध आणि ताकद मागच्या चाकांना. घरून आणि मित्रांकडून एकच आक्षेप येतो, की इतकी हलकी आणि बसकी गाडी मुंबईच्या पावसात रस्ता धरणार नाही, त्यापेक्षा जडशी एसयूव्ही घ्यावी. हा आक्षेप मला पटत नाही, पण खोडताही येत नाही.

म्हणून दोन प्रश्न. वजन कमी असल्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड खरोखर कमी होते का? आणि सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे अशा रस्त्यांवर, वेगमर्यादेत राहून, जून ते सप्टेंबर या काळात अशी गाडी कशी वागते? तुंबलेल्या पाण्यातून ही गाडी न्यायची नाही हे मला ठाऊक आहे; कृपया चर्चा तिकडे वळवू नये.

घोडबंदर_रोडवासी
1300 किलोला हलकी म्हणत असाल तर आमच्या घरच्या जुन्या मारुती 800 ला काय म्हणावे? तिचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास होते. या हिशेबाने आमचे तीर्थरूप निवृत्त होईपर्यंत स्पोर्ट्स कारनेच कचेरीत जात होते, फक्त त्यांना ते कोणी सांगितले नाही.

रबर_आणि_रस्ता
टायरच्या चाचण्यांशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून सविस्तर लिहितो. "ओला रस्ता" या नावाखाली दोन वेगळ्या स्थिती येतात आणि वजनाचा परिणाम दोन्हींत उलटसुलट होतो.

पहिल्या स्थितीत रस्ता भिजलेला असतो, पण त्यावर पाणी साचलेले नसते. रबर खडीच्या टोकांपर्यंत पोहोचते. चाकावरचा भार वाढला की घर्षणाचे बळ वाढते, पण गाडी थांबवायला लागणारे बळही त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे थांबण्याच्या अंतराच्या समीकरणातून वजन गळून जाते. ताशी 80 किमी वेगाला घर्षणगुणांक, म्हणजे रस्ता किती पकड देतो त्याचे माप, 0.8 असेल तर ब्रेक लागल्यापासून साधारण 31 मीटर लागतात, 0.5 असेल तर 50 मीटर. गाडी 700 किलोची असो की 2000 किलोची. त्यातही रबराचा एक गुण असा आहे की भार वाढवत नेला की त्याचा गुणांक थोडा थोडा घटत जातो. त्यामुळे पुरेसे चांगले टायर असलेली हलकी, बसकी गाडी नुसत्या भिजलेल्या रस्त्यावर जड गाडीपेक्षा थोडी सरसच ठरते, आणि वळणावर तिचे वजन एका बाजूला कमी झुकते हा फायदा वेगळाच.

दुसऱ्या स्थितीत पाण्याचा थर इतका जाड असतो की टायरच्या खाचांना तो वेळेत बाहेर काढता येत नाही. मग टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते, ती चाकाखाली शिरते आणि चाक तरंगू लागते. यालाच ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. नासाच्या लँग्ली केंद्रातील वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी 1963 साली विमानांच्या टायरवरील चाचण्यांतून यासाठी एक ढोबळ सूत्र दिले. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआय या एककात घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला सुमारे 16.7 ने गुणावे, म्हणजे ज्या वेगाला चाक पूर्ण तरंगते तो वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. 36 पीएसआयला तो 100 येतो, 33 ला 96 आणि 25 ला 83. हे आकडे पाणी खाचांपेक्षा खोल असताना किंवा टायर गोटा झालेला असताना लागू पडतात. खाचा शाबूत असतील तर वेग याहून वर जातो.

आता मेख अशी की खऱ्या अर्थाने हलक्या स्पोर्ट्स कारना कंपनीच कमी हवा सांगते. पहिल्या पिढीच्या लोटस एलिसचे वजन 725 किलोच्या आसपास होते आणि तिच्या पुढच्या टायरांत पंचविशीच्याही आतच हवा ठेवायची असे.

दादर_टीटी
रबर_आणि_रस्ता, आपण दिलेल्या सूत्रात हवेचा दाब आहे, वजन कुठेच नाही. मग हलक्या गाडीत मी 36 पीएसआय भरली की प्रश्न मिटला का? आणि आमच्या नाक्यावरचा पंक्चरवाला याच्या नेमके उलटे सांगतो, की पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवा म्हणजे टायर पसरेल आणि रस्ता धरेल.

रबर_आणि_रस्ता
पंक्चरवाल्यांचा हा सल्ला मुंबईभर ऐकू येतो आणि तो उलटा आहे. हवा कमी केली की टायर पसरतो हे खरे, पण पाण्यावरचा त्याचा दाब घटतो आणि मधला भाग आत दबल्यामुळे खाचा मिटतात. पाणी कापायला नेमके जे हवे तेच जाते.

तुमची पहिली शंका रास्त आहे. वजन सूत्रात दिसत नाही, पण ते मागच्या दाराने येते. टायर रस्त्याला जेथे टेकतो त्या ठशाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने भार भागिले हवेचा दाब इतके असते. त्या एलिसमध्ये चालक बसल्यावर पुढच्या एका चाकावर दीडशे किलोच्या आसपास भार येतो. 25 पीएसआय धरली तरी ठसा सुमारे 85 चौरस सेंटिमीटरचा होतो आणि त्याची लांबी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर भरते. नेहमीच्या सेदानच्या चाकावर साडेतीनशे किलो आणि 33 पीएसआय असेल तर ती लांबी आठ सेंटिमीटरच्या पुढे जाते. पाण्यात या ठशाचा पुढचा भाग पाणी बाजूला सारण्यातच खर्ची पडतो आणि पकड मिळते ती मागच्या भागात. ठसा आखूड आणि रुंद असेल तर मागे उरतेच थोडे. रिकामे ट्रक भरलेल्या ट्रकपेक्षा कमी वेगाला तरंगतात असे पुढच्या अभ्यासांत दिसून आले, त्याचे कारण हेच. जास्त हवा भरून ठसा आणखी लहान होतो, शिवाय खडबडीत रस्त्यावर चाक उडू लागते. कंपनीच्या आकड्याच्या एक-दोन पीएसआय वर जायला हरकत नाही, त्यापलीकडे जाऊ नये.

रुंदीबद्दलही एक हिशेब देतो. रस्त्यावर 3 मिमी पाणी आहे आणि गाडी ताशी 80 किमीने चालली आहे असे धरा. 185 मिमी रुंद टायरला दर सेकंदाला 12 लिटर पाणी हटवावे लागते, म्हणजे आंघोळीची एक बादली. 265 मिमीच्या टायरला ते 17 लिटरच्या वर जाते. धागाकर्त्यांच्या 981 ला 18 इंची चाकांवर पुढे 235 आणि मागे 265 रुंदीचे टायर येतात. मागचे टायर पुढच्यांनी मोकळ्या केलेल्या पट्ट्यातून जातात, पण वाढीव 30 मिमी मात्र न सारलेल्या पाण्यातूनच जाते.

सोमवारचा_सुस्त
सेकंदाला एक बादली! आमच्याकडे नळाला इतके पाणी आले तर सोसायटी जल्लोष करील.

क्लच_आणि_क्लेश
फॉर्म्युला वनच्या गाड्यांचे वजनही 800 किलोच्या जवळपास असते आणि पिरेलीच्या माहितीनुसार त्यांचा पावसाळी टायर ताशी 300 किमीला सेकंदाला 85 लिटर पाणी हटवतो. तरीही जोराचा पाऊस आला की शर्यत थांबवतात. धागाकर्त्यांनी यावरून काय तो बोध घ्यावा.

लेस्टरचा_परतलेला
इंग्लंडमध्ये नोकरीला असताना माझ्याकडे पहिल्या पिढीची एलिस होती, म्हणून अनुभवाचे दोन शब्द. त्या गाडीत पॉवर स्टीअरिंग नव्हते, एबीएस नव्हते आणि ब्रेकला सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, तीदेखील नव्हती. आजच्या दृष्टीने हे भयंकर वाटेल, परंतु पावसात ती गाडी जितके बोलत असे तितके त्यानंतरच्या माझ्या एकाही गाडीने बोलून दाखवले नाही. महामार्गावर ट्रकांच्या चाकांनी पडलेल्या चरांत पाणी साचत असे. त्यात पुढची चाके शिरली की चाक पूर्ण तरंगायच्या बरेच आधी स्टीअरिंग हातात पोकळ लागू लागे, मग किंचित डावी-उजवीकडे ओढ जाणवे आणि त्यानंतर एकदम शांतता. त्या पोकळपणाला पाय अलगद सैल केला तर पुढचा टप्पा येतच नसे.

वाईट बाजूही सांगितली पाहिजे. इंजिन मधोमध असलेली गाडी स्वतःभोवती चटकन वळते, कारण तिचे वजन मध्यभागी गोळा झालेले असते. कोरड्या रस्त्यावर हाच तिचा आनंद असतो. ओल्या वळणावर मात्र मागची बाजू सुटली की सावरायला सेदानमध्ये जितका वेळ मिळतो तितका येथे मिळत नाही. पुढच्या बाजूला वजन कमी, म्हणून आधी गाडी वळायला नकार देते. चालक घाबरून एक्सलरेटरवरून पाय झटक्यात उचलतो. भार पुढे सरकतो. पुढची चाके पकड घेतात आणि मागची बाजू फिरते. हे सारे वाचायला जितका वेळ लागतो त्याहून लवकर घडते.

डोंगरदरीवाला
वर लिहिलेले सगळे मान्य करूनही मी एसयूव्हीच्या बाजूने उभा राहीन. मुंबईत माणूस प्रयोगशाळेत गाडी चालवत नाही. खड्डा पाण्याखाली झाकलेला असतो, समोर बेस्टची बस अचानक थांबते, दुचाकीवाला डावीकडून घुसतो. उंच बसलेल्या माणसाला पुढचे दिसते आणि दिसले तर वेळेवर ब्रेक लागतो. पकडीचे गणित त्यानंतरचे.

क्लच_आणि_क्लेश
डोंगरदरीवाला, दिसण्याचा मुद्दा बरोबर आहे, पण उंचीबरोबर येणाऱ्या बेफिकिरीचे काय? जोराच्या सरीत वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर सगळ्यात उजव्या लेनमधून पाणी उडवत जाणाऱ्या गाड्या पाहा, त्यांत दोन आसनांची गाडी शोधून सापडणार नाही. दोन टन वजन, चारही चाकांना ताकद, म्हणून वेग घेता येतो. थांबताना मात्र चार टायरच काय ते असतात आणि ते सगळ्यांना सारखेच.

डोंगरदरीवाला
बेफिकिरी हा चालकाचा दोष आहे, गाडीचा नव्हे. तो दोष स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांत कमी असतो असे आपल्याला म्हणायचे असेल तर मी नम्रपणे हसतो.

फ्रीवेचा_रोजचा
भौतिकशास्त्र बरेच झाले, आता रस्त्यांकडे येतो, कारण धागाकर्त्यांनी रस्त्यांची नावे घेतली आहेत. मी चेंबूरहून फोर्टला रोज जातो. माझी गाडी साधी हॅचबॅक आहे, पण रस्ता सगळ्यांना सारखाच आहे.

फ्रीवेवर आणि सी लिंकवर पाणी साचण्यापेक्षा जास्त सांभाळावे लागते ते पुलाच्या सांध्यांवरचे लोखंड. ते भिजले की काचेसारखे होते. सरळ जाताना काही कळत नाही, परंतु सांधा वळणावर किंवा उतारावर असेल आणि त्याच क्षणी तुम्ही ब्रेकवर किंवा रेस देत असाल तर चाक क्षणभर सटकते. ताकद मागच्या चाकांना असलेल्या गाडीत ते सटकणे शेपटीत जाणवेल. पेव्हर ब्लॉकचे पट्टे आणि झेब्रा क्रॉसिंगचा जाड रंग यांनाही हेच लागू आहे. फ्रीवेच्या टोकाला उतरताना मी सांध्याच्या आधी ब्रेक पुरा करतो आणि सांध्यावरून गाडी नुसती जाऊ देतो.

दुसरे म्हणजे पहिला पाऊस. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख 11 जून धरली जाते, 2025 मध्ये तो 26 मेलाच आला. आठ महिन्यांचे तेल, धूळ आणि रबराची भुकटी रस्त्यावर बसलेली असते, आणि पहिल्या हलक्या सरीत तिचा चिखलासारखा थर होतो. जुलैच्या मुसळधार पावसात धुऊन निघालेल्या रस्त्यापेक्षा त्या पहिल्या संध्याकाळचा रस्ता जास्त निसरडा असतो. पाणी कमी दिसते म्हणून लोक त्या दिवशी वेग कमी करत नाहीत.

कोस्टल रोडवर सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा आहे. आत येणाऱ्या गाड्या आपल्याबरोबर पाणी आणतात, त्यामुळे तोंडाजवळचा रस्ता ओला आणि आतला कोरडा असतो. बाहेर पडताना काचेवर एकदम पाऊस आदळतो. वायपर बोगद्यात बंद केले असतील तर ते तोंड येण्याआधी चालू करावेत.

अंधेरी_सबवे
या गाडीचे हवा घेण्याचे तोंड किती उंचीवर असते? आमच्याकडे पाणी भरले तर काय करावे?

माहीमची_खाडी
अंधेरी_सबवे, पहिल्या पोस्टचा शेवटचा परिच्छेद वाचावा ही विनंती. आपले सदस्यनाम पाहता आपली काळजी समजू शकते.

घोडबंदर_रोडवासी
विषय हलक्या गाड्यांचा आहे म्हणून आठवले. आपल्याकडे गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची गाडी बनत असे, फायबरची बॉडी आणि रेनोचे 1.2 लिटरचे इंजिन. इंजिनाची ताकद बेताची आणि टायर अरुंद, म्हणजे रबर_आणि_रस्ता यांच्या हिशेबाने पावसासाठी उत्तमच म्हणायची. कोणी चालवली आहे का?

रबर_आणि_रस्ता
चालवलेली नाही, पण तर्क बरोबर आहे. हाच विचार टोयोटाने 2012 च्या जीटी86 मध्ये मुद्दाम केला होता. सव्वाबाराशे किलोच्या आसपासच्या त्या गाडीला 215 रुंदीचे, रोजच्या वापराचे टायर दिले. पकड कमी, पण ती सुटताना हळूहळू सुटते आणि चालकाला कळते. पाण्यात अरुंद टायरचा फायदा वेगळा.

करीचा_विद्यार्थी
कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भिजलेल्या ट्रॅकवर प्रशिक्षण घेण्याचा योग मला आला. लेस्टरचा_परतलेला यांनी पाय झटक्यात उचलण्याबद्दल जे लिहिले आहे, तोच आमचा पहिला धडा होता. हलक्या गाडीचे वजन इकडून तिकडे पटकन सरकते, त्यामुळे तिला दिलेली प्रत्येक आज्ञा हळू द्यावी लागते. ब्रेक दाबताना आधी हलका दाब, भार पुढे बसला की मग जोर. वळणाच्या मध्यावर गिअर खाली आणायचाच नाही, कारण क्लच सोडताना इंजिनाचा अडसर मागच्या चाकांना क्षणभर ब्रेकसारखा लागतो. चाके तरंगली तर स्टीअरिंग सरळ धरून थांबायचे. हवेत फिरवून ठेवलेले चाक पुन्हा रस्त्याला टेकले की गाडी त्याच दिशेला उसळते.

इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणेबद्दल एक गैरसमज असतो. ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करते, पण त्यासाठी चाक रस्त्याला लागलेले असावे लागते. 981 मध्ये ही यंत्रणा चांगली आहे. पावसात ती बंद करून पाहण्याचा मोह आवरावा.

गाडी_माझीच
या धाग्यावर अजून कोणीही मुंबईत अशी गाडी पावसात चालवत असल्याचे लिहिलेले नाही, म्हणून मी लिहिते. माझ्याकडे 981 आहे आणि पावसाळ्यातही ती निघते, अर्थात भरती आणि पावसाचा इशारा पाहूनच.

पकडीबद्दल माझी तक्रार नाही. 80 च्या मर्यादेत सी लिंकवर ती जितकी निश्चिंत वाटते तितकी आमच्या घरातली उंच गाडी वाटत नाही, कारण वाऱ्याचा झोत बाजूने आला तरी ही हलत नाही. अटल सेतूवर मर्यादा 100 आहे, परंतु जोराच्या सरीत मी 70 च्या वर जात नाही, आणि दुभाजकाकडच्या लेनमध्ये पाणी थांबलेले दिसले तर मधली लेन धरते. दुभाजकाकडच्या लेनमध्ये राहिले तर उजवी चाके पाण्यात आणि डावी कोरड्यावर अशी स्थिती येते, ती दोन्ही बाजूंची चाके पाण्यात असण्यापेक्षा वाईट, कारण गाडी एका बाजूला ओढली जाते.

खरा त्रास दिसण्याचा आहे, आणि तेथे डोंगरदरीवाला यांचे म्हणणे मला मान्य आहे. ट्रकच्या मागच्या चाकांची धार माझ्या काचेच्या बरोबर उंचीवर येते. त्यामुळे मी मोठ्या गाडीमागे राहतच नाही. एक तर बरेच अंतर ठेवते किंवा पुढे जाऊ देते. छत कापडी असल्याने आत दमटपणा राहतो आणि काच धुरकटते, म्हणून एसी सुरूच ठेवावा लागतो. घराबाहेर पडल्यावर पहिल्याच सिग्नलला ब्रेक नेहमीपेक्षा आधी हलकेच लावून पाहते, कारण रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा आणि पाण्याचा पातळ थर असतो.

गाडी घेतली तेव्हा मागचे टायर बाहेरून नवे दिसत होते, खाचा खोल होत्या, पण जुने होऊन रबर कडक झाले होते. ते बदलल्यावर वेगळीच गाडी चालवत असल्यासारखे वाटले. विक्रेत्याने टायरांबद्दल एक अक्षर काढले नव्हते.

रबर_आणि_रस्ता
गाडी_माझीच यांनी कळीचा मुद्दा मांडला आहे. हौसेच्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नियमाने खाच 1.6 मिमीपर्यंत चालते, पण रुंद टायर आणि हलकी गाडी असताना 3 मिमीच्या खाली गेल्यावर मुंबईचा पावसाळा त्यावर काढू नये. ट्रॅकसाठी केलेले अर्ध-गुळगुळीत टायर, उदाहरणार्थ मिशेलिनचे कप 2, पुष्कळदा वापरलेल्या गाडीबरोबर येतात. विक्रेता ते मोठ्या कौतुकाने दाखवतो. त्यांच्यात पाणी हटवणाऱ्या खाचा मोजक्या असतात आणि त्यांचे रबर गरम झाल्यावरच पुरते चिकटते. ते जूनपूर्वी काढून ठेवावेत.

माहीमची_खाडी
सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या आठवड्यात अंधेरीला एक गाडी पाहायला जात आहे, टायर पुढे-मागे वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत असे विक्रेत्याने फोनवर सांगितले. हे चालते का? आणि टायरचे वय कसे ओळखावे?

रबर_आणि_रस्ता
एका एक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांना, एकच जोडी असणे अत्यावश्यक आहे. पुढे-मागे वेगळे असले तर ओल्या रस्त्यावर कोणती बाजू आधी सुटेल याचा अंदाज बिघडतो, म्हणून किंमत ठरवताना चारही नव्या टायरांचा खर्च वजा करून बोला. मॉडेलसाठी पोर्शेची मान्यता असलेल्या टायरवर एन हे अक्षर आणि आकडा असतो. वयासाठी बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, त्यामुळे बाहेरून दिसले नाहीत तर टॉर्च घेऊन आतली बाजू पाहा.

गाडी_माझीच
पावसाच्या दिवशीच पाहायला जा. छताच्या मागच्या कडेला आतून हात फिरवा आणि आसनामागचा गालिचा उचलून पाहा. तेथे ओल लागली तर छताची निचऱ्याची भोके तुंबली आहेत असे समजा.

घोडबंदर_रोडवासी
आणि सॅन स्टॉर्म विकायला दिसली तर मला कळवा.